रात्री तीनची फुसफुस

"मशीन म्हणतंय हे बरे आहेत. मी म्हणते, नाहीत."

काकूंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत हे सांगितलं. काका खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. सकाळचे साडेदहा, नाश्ता होऊन तासही झाला नव्हता, आणि पेपर मांडीवरून घसरून पायाशी पडला होता. हनुवटी छातीला टेकलेली. आयुष्यभर बँकेत आकड्यांशी नातं असलेला माणूस, निवृत्त होऊन वर्ष झालेलं. झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा फुंकणारं सीपॅप मशीन लावायला लागून चार महिने झाले होते.

मी पुण्यात स्लीप टेक्निशियन म्हणून काम करते. स्लीप लॅबमध्ये रात्रभर जागून दुसऱ्यांची झोप मोजायची, हे अर्धं काम. उरलेलं अर्धं, मशीन पेशंटच्या घरी गेल्यावर सुरू होतं. मास्क नीट बसतो का, प्रेशर सोसवतं का, नळी कुठे मुडपते का, हे बघायला मी घरोघरी जाते. धनकवडी, चिंचवड, हडपसर, कधी नारायणगाव, कधी पार सातारा. चौदा वर्षं झाली.

काकांच्या मशीनच्या पडद्यावर त्या सकाळचा आकडा होता १.९ आणि शेजारी हिरवा हसरा चेहरा. हा आकडा म्हणजे एएचआय. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, काहींच्या बाबतीत इतके, की श्वासाची वाटच मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला, किंवा ठरावीक प्रमाणाबाहेर उथळ झाला, की ती एक घटना. तासाला अशा घटना सरासरी किती, तो एएचआय. ५ च्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. स्लीप स्टडीच्या रात्री काकांचा आकडा ४६ आला होता. ४६ वरून १.९! लॅबमधल्या कॉम्प्युटरवर मी हा आकडा दर आठवड्याला बघत होते आणि त्यांच्या नावापुढे 'छान चाललंय' असं लिहीत होते. काकूंचा फोन आला नसता, तर पुढचे सहा महिने मी त्या घराची पायरी चढले नसते.

"रात्री तीनच्या सुमाराला फुसफुस सुरू होते," काकू म्हणाल्या. "सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते ना, तशी. पाच-साडेपाचपर्यंत चालते." आणि उठून त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. चौकटींमध्ये दुधाचा हिशेब होता, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख होती, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात '३ फुस' असं लिहिलेलं. महिन्यात अकरा चौकटींमध्ये.

त्या मशीनच्या कडेला एक छोटं झाकण असतं. ते उघडलं की आत पोस्टाच्या तिकिटाएवढं मेमरी कार्ड. बहुतेक घरांत ते झाकण कधी उघडलेलंच नसतं. दूरवरून कॉम्प्युटरवर दिसतो तो सारांश: किती तास लावलं, सरासरी आकडा किती, गळती किती. रात्र सविस्तर असते ती या कार्डावर. मी लॅपटॉपवर ऑस्कर नावाच्या प्रोग्राममध्ये ते उघडलं. हा प्रोग्राम फुकट मिळतो. मार्क वॉटकिन्स नावाच्या प्रोग्रामरने स्लीपीहेड म्हणून तो आधी तयार केला, आणि २०१९ मध्ये त्याने काम थांबवल्यावर स्वयंसेवकांनी तो ऑस्कर या नावाने पुढे नेला. त्या अनोळखी लोकांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. कारण कार्डावर काय आहे हे पेशंटला स्वतः बघता येण्याची सोय त्यांनी करून ठेवली.

कार्डावर प्रत्येक श्वास असतो. मशीन सेकंदाला २५ वेळा हवेचा प्रवाह नोंदवतं, त्यामुळे श्वास घेतला की रेघ वर चढते, सोडला की खाली येते, आणि शांत झोपेत एकसारख्या लाटा पडद्यावर दिसत राहतात. श्वास थांबला की रेघ आडवी होते. मग एकदम दोन-तीन उंच, वेड्यावाकड्या लाटा: माणूस गुदमरून हवा ओढतो तेव्हाच्या.

काकांच्या रात्रीत बारा ते तीन लाटा सुरेख होत्या. गळतीची रेघ तळाला चिकटलेली. तीन वाजून दहा मिनिटांनी ती उठली आणि पठारासारखी वरच राहिली, पाच-पस्तीसपर्यंत. माझ्याकडच्या बऱ्याचशा मशीनवर मिनिटाला २४ लिटरपुढची गळती मोठी धरतात. इथे ती चाळीस-पन्नासच्या घरात होती. आणि नेमक्या या अडीच तासांत श्वास थांबल्याची एकही खूण नव्हती.

ते बघून मला आधी बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा आला. खुणा नव्हत्या, पण लाटाही धड नव्हत्या. चुरगळलेल्या कागदासारखी रेघ. नळीतून किती हवा आत-बाहेर होते यावरून मशीन श्वास ओळखतं. त्यातली निम्मी हवा तोंडावाटे बाहेर सांडत असेल, तर ते मोजणार काय? मी काकूंना म्हटलं, गळक्या मापाने दूध मोजण्यासारखं आहे हे. त्यांना ते लगेच कळलं. अडीच तास मशीनला काही दिसत नव्हतं, आणि न दिसलेले तास 'घटना शून्य' म्हणून सरासरीत जमा होत होते. १.९ हा आकडा असा तयार झाला होता.

तीनच का? रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप जास्त असते. तेव्हा स्नायू सगळ्यात सैल पडतात, आणि श्वासरोधही अनेकांना तेव्हाच सगळ्यात जास्त होतो. काकांच्यासारखं ऑटो मशीन त्याला उत्तर म्हणून आपोआप प्रेशर वाढवतं. काकांचा मास्क फक्त नाकावर बसणारा होता. प्रेशर वाढलं की हवा तोंडाची वाट शोधायची. आणि काका रात्री कवळी काढून झोपायचे. कवळी नसली की गाल आत जातात, ओठ सैल पडतात, जबडा खाली येतो. हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मास्कचं माप मी दिवसा घेतलं होतं, खुर्चीवर बसवून, कवळी तोंडात असताना. चूक माझी होती, आणि तिचे चार महिने त्या माणसाने खिडकीशी पेंगत काढले होते.

त्या दिवसापासून मी मास्कचं माप घेताना पेशंटला आडवं झोपवते. मशीन चालू करून, प्रेशर वर नेऊन, कवळी काढायला लावून, कुशीवर वळायला सांगून. एका मास्कला पाऊण तास लागतो. लागू दे.

काकांना नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला. आठवड्याने कार्ड बघितलं. गळती तळाला, आणि आकडा ६.४. काका अस्वस्थ झाले. "ताई, नवीन मास्कला पैसे घातले आणि आकडा तिपटीने वाढला?" आयुष्यभर ताळेबंद बघितलेल्या माणसाची ती शंका अगदी रास्त होती. मी त्यांना दोन रात्री शेजारी लावून दाखवल्या. आधीच्या रात्री तीननंतर कोरं पान. आताच्या रात्री त्याच वेळेत खुणाच खुणा. त्या आधीही होत होत्या, आता दिसायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी तो आलेख बघितला. मशीनचं किमान प्रेशर ५ होतं. तिथून वर चढेपर्यंत उशीर व्हायचा. मशीन पोचायच्या आत श्वास चार-सहा वेळा अडकून जायचा. किमान प्रेशर त्यांनी दोन टप्प्यांत ९ वर नेलं. तीन आठवड्यांनी आकडा २.३ वर स्थिरावला.

१.९ पेक्षा २.३ मोठा आहे. पण काका आता पेपर अग्रलेखासकट वाचून काढतात.

या मशीनचा जन्म सिडनीतला. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच पेशंटवरच्या उपचाराचा अहवाल छापला. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून हवा फुंकायची, मास्क नाकाला सिलिकॉनने चिकटवायचा, अशी ती सुरुवात होती. त्या यंत्राला फुंकायचं तेवढं ठाऊक होतं. रात्री काय झालं ते लक्षात ठेवणं नंतर आलं, आणि ते आलं तेव्हा बऱ्याच अंशी तास मोजण्यासाठी वापरलं गेलं. अमेरिकेत सरकारी विम्याचा नियम आहे: सलग तीस दिवसांत निदान सत्तर टक्के रात्री चार तास मशीन लावलं, तर पैसे मिळतात. आपल्याकडे मशीन बहुतेक जण स्वतःच्या खिशातून घेतात, त्या नियमाशी आपला काही संबंध नाही. तरी तो 'चार तास' आपल्या कागदांवर येऊन बसला. मी नवीन होते तेव्हा जिथे काम करत होते, तिथे मला एवढंच शिकवलं होतं: चार तासांच्या वर असेल तर हिरवी खूण, खाली असेल तर फोन करायचा.

अकराला झोपून तीनला मास्क काढणाऱ्याला मी हिरवी खूण करायचे. पहाटेचे ते तास, ज्यांत श्वास सगळ्यात जास्त अडकतो, तो माणूस मशीनशिवाय काढत होता. या उपचाराने हृदयविकार टळतो का हे पाहायला सात देशांत एक मोठी चाचणी झाली, भारतही त्यात होता. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. दिवसाची झोप मात्र कमी झाली होती, लोकांना बरं वाटत होतं. पण त्या चाचणीत मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावलं गेलं होतं. हे वाचल्यापासून मी 'किती तास' याच्या आधी 'कुठले तास' ते बघते.

घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून चिडवतात, आणि तो बिचारा रात्रभर गुदमरत असतो. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये छापला. त्यात १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि ७.५ टक्क्यांना त्याचा दिवसाही त्रास होता. यातले किती जण गाडी चालवत असतील, असा विचार माझ्या मनात येतोच.

कारण माझा एक पेशंट टेम्पो चालवतो. नारायणगावहून टोमॅटो भरायचा, रात्रीतून वाशी मार्केटला टाकायचा आणि सकाळी परत. "मॅडम, माळशेजच्या वळणाला डोळा लागतो," हे त्याने पहिल्या भेटीत सांगितलं तेव्हा त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. त्याची रात्र सकाळी आठला सुरू होते. मशीनचा दिवस मात्र दुपारी बाराला बदलतो. त्याची झोप बाराच्या अलीकडे-पलीकडे पडते, त्यामुळे नुसत्या तारखा बघून वाचलं तर दोन दिवसांची गल्लत होते. म्हणून झोपताना आणि उठताना वेळ लिहून ठेवायला मी त्याला सांगितलं. टोमॅटोच्या क्रेटच्या हिशेबाच्या वहीत तो लिहायचा.

त्याच्या आलेखात श्वास थांबल्याच्या खुणा एकेकट्या नव्हत्या. दीड तास स्वच्छ, मग वीस मिनिटं मुंग्यांची रांग लागावी तशा एकामागे एक पंधरा-वीस, मग एकदम बंद. त्या वेळी मशीनने प्रेशर १६ पर्यंत चढवलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. स्वप्नांच्या झोपेतही खुणांचे असे पुंजके येतात, पण ते साधारण दीड-दोन तासांच्या अंतराने येतात आणि झोपेच्या शेवटाकडे लांबत जातात. याचे पुंजके कधीही सुरू व्हायचे आणि कात्रीने कापल्यासारखे संपायचे. प्रेशर वाढवून घशाचा सैल भाग उघडतो. इथे अडथळा दुसराच असणार.

"दादा, झोपता कसे ते दाखवा," मी म्हटलं. तो खाटेवर आडवा झाला. दिवसा उजेडात झोप लागत नाही म्हणून भिंतीकडे तोंड, दोन उशा आणि वर घडी केलेली गोधडी. मान पुढे मुडपून हनुवटी गळ्यात रुतलेली. मी मोबाईलवर फोटो काढून त्याला दाखवला आणि शेजारी आलेख ठेवला. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे ठिबकची नळी मुडपली म्हणा की. मोटर कितीबी ओढली तरी पुढं पाणी नाय."

इतक्या सोप्या शब्दांत हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. गोधडी आणि एक उशी काढली, डॉक्टरांना विचारून गळ्याला मऊ पट्टा लावून बघितला, खिडकीला जाड पडदा आला. मुंग्यांच्या रांगा जवळजवळ गेल्या. प्रेशर १६ वरून आपोआप ११ वर उतरलं, आणि तेव्हा मास्कमधून डोळ्यांवर हवा येते ही त्याची जुनी तक्रारही थांबली. डॉक्टरांनी त्याला सुरुवातीला रात्रीच्या फेऱ्या बंद ठेवायला लावल्या होत्या. त्या काळातलं नुकसान त्या घराने कसं सोसलं, ते मी जवळून पाहिलंय.

घरात गेल्याशिवाय आलेख पूर्ण कळत नाही. एका मुख्याध्यापक बाईंची गळती दर शनिवारी रात्री वाढायची, एरवी नाही. दोन महिने मी कोड्यात होते. मग त्यांच्या न्हाणीघरात खोबरेल तेलाची बाटली दिसली. रविवारी न्हायचं म्हणून शनिवारी रात्री डोक्याला तेल. तेल कपाळावर, गालांवर उतरायचं आणि मास्कची सिलिकॉनची गादी सरकायची. तेलाने ती लवकर खराबही होते. एका आजींची चमकी मास्कच्या कडेखाली यायची. लग्नापासून न काढलेली चमकी काढा असं मी म्हणू शकले नाही, म्हणून दुसऱ्या आकाराचा मास्क शोधला. मिशीमुळे फट राहते. देवघरालगत झोपणाऱ्यांच्या मशीनची जाळी उदबत्तीच्या धुराने काळी होते. बोअरच्या पाण्याने मशीनमधल्या, हवा ओलसर करणाऱ्या टाकीच्या तळाला क्षारांचा पांढरा थर बसतो, म्हणून डिस्टिल्ड पाणी वापरा हे मी प्रत्येक घरात सांगते. डिसेंबरात पंखा जोरात ठेवला की गार नळीत वाफेचं पाणी होऊन गुडगुड आवाज येतो आणि पेशंट घाबरून उठतो. वीज गेली की आलेखात भोक पडतं. अशी भोकं फार दिसली, तर मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते मी विचारते. या गोष्टी मशीनच्या पुस्तकात तुटक सापडतात, पण पुस्तकात शनिवारचं तेल नसतं.

हिंजवडीत काम करणारा एक तरुण मात्र सगळं वाचायचा, आणि त्या वाचनानेच आजारी पडायच्या बेतात होता. रोज सकाळी सातला त्याचा मला फोटो यायचा. आज १.४, आज २.८, आज ३.१, आता काय करू? रात्री तो स्वतःच मशीनच्या आतल्या मेन्यूत जाऊन प्रेशर बदलायचा. एका रात्री किमान, दुसऱ्या रात्री श्वास सोडतानाची सवलत, तिसऱ्या रात्री दोन्ही. सुधारलं तर कशाने आणि बिघडलं तर कशाने, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. मी त्याच्यासोबत बसून त्याच्या खुणा एकेक मोठ्या करून बघितल्या. बहुतेक पहाटे चारनंतरच्या होत्या. त्यांच्या आधीच्या लाटा लहान-मोठ्या, अनियमित होत्या: जाग्या माणसाच्या. मशीनला झोप आणि जाग यांतला फरक कळत नाही. कूस बदलताना श्वास रोखला, मोठा सुस्कारा टाकून क्षणभर थांबलं, की तेही ते नोंदवतं. हा मुलगा चारला उठून आकडा किती येईल याची काळजी करत पडायचा, आणि तीच काळजी आकड्यात उतरायची.

"कार्ड मशीनमध्येच राहू दे," मी त्याला सांगितलं. "महिनाभर काढायचं नाही. प्रेशरला हात लावायचा नाही. सकाळी उठल्यावर आकड्याच्या आधी एक गोष्ट लिहायची: कसं वाटतंय?" पहिले आठ दिवस त्याला जड गेले. डॉक्टरांनीही त्याला बजावलं, एका वेळी एक बदल, तोही विचारून, आणि त्याला निदान आठवडाभर वेळ. तो आता दोन महिन्यांनी एकदा येतो. परवा आला तेव्हा आकडा किती हे त्याला आठवत नव्हतं. मला फार आनंद झाला.

प्रेशर बदलण्याचा अधिकार माझाही नाही, हे मी प्रत्येक घरात सांगते. ते का, हे मला साताऱ्याजवळच्या एका गावातल्या आजोबांनी शिकवलं. माजी सैनिक, चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ बसणारे. मास्क छान बसत होता, गळती नव्हती, सात तास मशीन लावत होते. आकडा १८ च्या खाली उतरत नव्हता. खुणा बघितल्या तर बहुतेक 'वाट उघडी' या प्रकारच्या. श्वास थांबला की काही मशीन हवेची बारीक थरथर आत पाठवतात आणि अंदाज घेतात: वाट मिटली आहे की उघडी आहे. उघडी असूनही श्वास येत नसेल, तर मेंदूनेच श्वास घ्यायला सांगितलेलं नाही. प्रेशर वाढवून तिथे काही साधत नाही, कधी जास्तच बिघडतं.

मी लाटा जवळून बघितल्या. लहान लहान लाटा हळूहळू मोठ्या होत गेल्या, मग तशाच हळूहळू लहान होत आडव्या झाल्या. थोड्या वेळाने परत तसंच. मिनिटा-मिनिटाला, तासन् तास, डोंगररांगेसारखं. या श्वासाला चेन-स्टोक्स म्हणतात. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये, दोघांनीही डब्लिनमध्ये, आजारी माणसाच्या उशाशी बसून तो टिपला. हृदय थकलं की तो पुष्कळदा दिसतो. मी लॅपटॉप मिटला, पाणी मागितलं, आणि अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन लावला. आलेख तिथूनच पाठवला.

इकोमध्ये हृदयाचं पंपिंग बरंच कमी निघालं. अशा श्वासाला सावरणारं वेगळं, जास्त महागाचं मशीनही मिळतं. पण ज्यांचं पंपिंग खूप कमी आहे अशा पेशंटमध्ये त्याने हृदयाशी निगडित मृत्यू वाढल्याचं २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. म्हणजे 'आकडा उतरत नाही, वरचं मशीन घ्या' असा सल्ला कुणी दिला असता, तर तो त्यांच्या जिवावर बेतू शकला असता. हृदयाच्या डॉक्टरांनी आधी औषधं लावली, पायावरची सूज उतरली, आणि काही महिन्यांत त्या डोंगररांगा बुटक्या झाल्या. आजोबा त्यानंतर दीड वर्ष होते. मशीन परत करायला मुलगा आला तेव्हा त्याने झाकण उघडून कार्ड काढलं आणि खिशात ठेवलं. मी काही विचारलं नाही.

काका-काकूंकडे मी अजून तीन महिन्यांनी एकदा जाते. काकू कार्ड स्वतः काढून ठेवतात, आणि कालनिर्णयही टेबलावर आणून ठेवतात. आता चौकटींत 'फुस' क्वचित असतं. त्याऐवजी 'सर्दी', 'लाइट गेली ४ ते ५', 'लग्नाहून उशिरा', 'मास्कची गादी नवीन' असं काय काय असतं. आलेखात एखादी वेगळी रात्र दिसली की मी तारीख वाचते, आणि काकू त्या चौकटीत बोट ठेवून कारण सांगतात. गेल्या खेपेला एका तारखेला मशीन दीड वाजता बंद झालेलं दिसलं, ते सकाळपर्यंत बंदच. चौकट कोरी होती.

"या दिवशी काय झालं होतं?" मी विचारलं.

काकूंनी चष्मा वर करून तारीख बघितली. "अगो, त्या दिवशी धाकटी आली होती बाळाला घेऊन. बाळ रडायचं थांबेना, तेव्हा ह्यांनी छातीवर घेतलं. मशीनच्या आवाजाने उठेल म्हणून मास्क काढून ठेवला, आणि सकाळपर्यंत तसेच आरामखुर्चीत बसून राहिले. जागेच."

काका खिडकीशी होते. पेपरावरून नजर न काढता म्हणाले, "ती रात्र सरासरीत धरू नका, ताई."

मी काकूंच्या हातून पेन घेतलं आणि कोऱ्या चौकटीत लिहिलं: 'बाळ'.